कुलपांची वाटणी

वाटणी म्हटली की भांडण आलंच, हे माईंना या घरात सून म्हणून आल्यापासून ठाऊक होतं. म्हणून त्या रविवारी सकाळी त्यांनी चहाचं आधण नेहमीपेक्षा मोठं ठेवलं, रक्तदाबाची गोळी न विसरता घेतली आणि कपाटातले काचेचे पेले आत सारून स्टीलचे बाहेर काढले. आदळआपट झालीच तर निदान फुटायला तरी नको.

बाहेरच्या लांब खोलीत नाना कुलपं मांडत होते. भिंतीवरची काचेची कपाटं सताड उघडी होती आणि आतल्या लाकडावर कुलपांच्या आकाराचे फिकट डाग तेवढे उरले होते. जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या होत्या. त्यांवर पितळेची, लोखंडाची, तांब्याच्या पट्ट्यांची कुलपं. माशाच्या आकाराचं, कासवाच्या आकाराचं, नारळाएवढं पेटीचं, अंगठीएवढं दागिन्यांच्या डबीचं. दोन किल्ल्यांशिवाय न उघडणारं. अक्षरं जुळवून उघडायचं. किल्लीचं भोकच सापडू नये असं. आणि ‘चोरपकड’, ज्याच्या चुकीच्या भोकात बोट घातलं की ते आतच अडकतं.

नानांनी चार ढीग केले होते. एक लेकीचा, म्हणजे ताईचा. एक मुलाचा, बापूचा. एक नातवंडांना मिळून. आणि चौथा नानांच्या धाकट्या भावाचा, भाऊंचा. गेले कित्येक दिवस ते या ढिगातलं त्या ढिगात करत होते. माशाचं इकडे गेलं तर कासव तिकडे, असा त्यांचा हिशेब चालायचा.

“कुणी म्हणायला नको की नानानं डावं-उजवं केलं,” ते म्हणाले. “अगं, बघ ना जरा. भाऊच्या ढिगात काही कमी वाटतंय का?”

“मला सगळे सारखेच दिसतात,” माई म्हणाल्या. “तुम्ही आता बसा बघू. कंबर धरेल.”

“बसतो, बसतो. एवढं एक कासव हलवतो.”

त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानासारखी लगबग होती. माईंना बरंही वाटलं आणि वाईटही. पुढच्या महिन्यात खालचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आणि वरचं हे घर, दोन्ही सोडून त्यांना ताईच्या इमारतीतल्या दोन खोल्यांत राहायला जायचं होतं. जिना आता दोघांच्याही गुडघ्यांना झेपत नव्हता. आई-वडील कुणाजवळ राहणार यावरून ताई आणि बापू वर्षभर असे भांडले होते, की शेवटी शेवटी एकमेकांचे निरोप आईमार्फत पोचवायचे. ताईची सरशी झाली. बापूनं ती मान्य केली, पण तोंड अजून वाकडंच होतं.

नव्या घरात सगळी कुलपं मावणार नव्हती. नानांनी आधी शहराच्या संग्रहालयात विचारून पाहिलं. तिथल्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, की आमचंच गोदाम ओसंडून चाललंय, आजोबा. जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं चहा पाजला आणि हल्ली तरुण गिऱ्हाईक फिरकतच नाही म्हणून हात जोडले. भंगारवाला तेवढा हौसेनं वर आला, पण त्यानं आल्याआल्या वजनकाटा मागितला. त्याला नानांनी चहासुद्धा विचारला नाही. “राहू दे,” ते त्या दिवशी माईंना म्हणाले होते. “परक्यांना काय कदर? घरच्यांनाच देऊ. घरात आजवर याच्यासाठी रक्त आटलंय.”

रक्त आटलं होतं हे खरंच. नानांचे वडील अण्णा. खालचं दुकान त्यांचंच. मोडकी, टाकून दिलेली, मालक मेलेली कुलपं ते हौसेनं उघडून दुरुस्त करायचे. अण्णा गेल्यावर याच खोलीत वाटणी झाली. दुकान नानांनी घ्यायचं, मळ्याकडची जागा भाऊंनी घ्यायची, इथवर सगळं सुरळीत झालं. आणि माशाच्या कुलपापाशी गाडी अडली. दोघा भावांनी ते दोन बाजूंनी धरलं होतं. दोघंही चांगले बाप्ये, पोराबाळांचे धनी. नाना म्हणाले, “मोठा मी आहे.” भाऊंनी हात सोडला आणि म्हणाले, “मग ठेव. सगळी ठेव, आणि एक तुझ्या तोंडालाही लाव.” ते जिना उतरून गेले ते ताईच्या लग्नालाही आले नाहीत. माईंनी हळूहळू, कधी आजारपणात डबा पाठवून, कधी जाऊबाईंना बाजारात गाठून, ती वाट पुन्हा मळवली. भाऊ येऊ लागले, चहा घेऊ लागले. पण त्यांची नजर कधी भिंतीकडे वळली नाही. आणि नानांनी त्या भांडणानंतर सुतार बोलावून कुलपांना काचा बसवून घेतल्या, त्या आज पहिल्यांदा घरच्यांसाठी उघडल्या होत्या.

सगळ्यांत आधी ताई आली. शाळेची मुख्याध्यापिका असल्यानं ती वेळेआधीच यायची आणि बाकीचे उशिरा आले असं मानायची. तिच्या मागून तिचा मुलगा, हातातल्या फोनकडे बघत. लहानपणापासून सगळ्यांना हुकूम सोडायची सवय म्हणून घरात त्याला ‘साहेब’ म्हणत. आता तो खरोखरच कुठल्याशा संगणकाच्या कंपनीत साहेब झाला होता, त्यामुळे चिडवण्यातली मजा गेली होती. मग बापू आला, दातांचा डॉक्टर, आणि त्याची लेक भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. ती एका मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. पक्षाघातानं पडलेले हात पुन्हा चालते करायचं तिचं काम.

भाऊ शेवटी आले. जिन्यावर त्यांच्या चपला सावकाश वाजत होत्या. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. हिवाळ्यात त्यांना बरं नव्हतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. “ताप मेंदूत गेला होता जरासा,” असं ते स्वतः हसून सांगायचे. दारात माईंनी पाहिलं, उजवा हात त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला होता. आत आल्यावरही तो तिथून निघाला नाही. चहाचा पेला त्यांनी डाव्या हातानं घेतला आणि बिस्किटाला नको म्हणाले. हा माणूस जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आलेला. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा. माईंनी बिस्किटांची बशी त्यांच्या डाव्या बाजूला सरकवली.

सगळे बसल्यावर नाना घसा खाकरून उभे राहिले.

“चार ढीग आहेत,” ते म्हणाले. “मी कुणाचं नाव घातलेलं नाही असं समजा. ज्याला जो हवा तो त्यानं घ्यावा. दोघांना एकच हवा असला तर चिठ्ठ्या टाकू. पण आवाज चढवायचा नाही. एकदा या खोलीत चढला, तेवढा पुरे.”

कुणी हललं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती खुरखुरायची आणि बंद पडायची.

“ताई, तू मोठी आहेस,” बापू म्हणाला. “पहिला मान तुझा.”

गेल्या वर्षभरात बापूनं ताईला कसलाही मान दिला नव्हता. ताई सावध झाली.

“छे छे. तू मुलगा आहेस, बापू. अण्णांची वस्तू तुझ्याकडेच शोभते. तुझ्या दवाखान्यात लाव की भिंतीवर.”

“दातांच्या दवाखान्यात कुलपं? लोक आधीच तोंड उघडत नाहीत.”

“मग घरी लाव.”

“घरी तुझी भावजय आहे.” बापूनं आवाज खाली आणला. “गेल्या महिन्यात तिनं माझे जुने कॅमेरेसुद्धा देऊन टाकले. तुझ्या शाळेत ठेव ना. मुलांना इतिहास कळेल.”

“आमच्या शाळेत आहेत ती कुलपं मुलं खिळ्यानं उघडतात, बापू.”

एकमेकांकडे ढीग ढकलता ढकलता दोघं चक्क हसायला लागले होते. वर्षभरानंतर बहीण-भावाची युती झाली होती, आणि ती बापाच्या कुलपांविरुद्ध. माईंना हसू आलं ते त्यांनी पदराआड दाबलं. नानांना मात्र हसू आलं नव्हतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. लग्नातल्या आहेराची साडी इकडून तिकडे फिरत राहावी, तसं त्यांचं आयुष्य त्यांच्या डोळ्यांदेखत फिरत होतं.

“नातवंडांचं काय म्हणणं आहे?” त्यांनी विचारलं.

साहेबानं फोन खाली ठेवला. मुलगा मनानं वाईट नव्हता, फक्त त्याला गोड बोलता यायचं नाही. “खरं सांगू, आजोबा? माझ्या खोलीत मी आणि माझे दोन मित्र राहतो. एकाची सायकल पलंगावर झोपते. मी असं करतो, सगळ्यांचे चारी बाजूंनी छान फोटो काढून ठेवतो. म्हणजे कायमची राहतील. जागाही लागणार नाही.”

“फोटोला किल्ली कुठून लावायची?” नानांनी विचारलं. साहेबानं फोन पुन्हा हातात घेतला.

मग नाना भाऊंकडे वळले. त्यांच्या मनात हे सगळ्यांत आधीपासून होतं, हे माईंना ठाऊक होतं. त्या चौथ्या ढिगात सगळ्यांत वर त्यांनी माशाचं कुलूप ठेवलं होतं.

“भाऊ, हा तुझा,” ते म्हणाले. “उशीर झाला. पण तुझा.”

भाऊंनी त्या माशाकडे पाहिलं.

“नको, नाना.”

“नको?”

“तेव्हा हवं होतं. तेव्हा मिळालं असतं तर उशाशी घेऊन झोपलो असतो. आता एका खोलीत मी, माझा पलंग आणि औषधांचं टेबल. त्याला मी काय देणार आणि ते मला काय देणार?”

“अरे, ज्याच्यापायी तू ताईच्या लग्नाला आला नाहीस…”

“म्हणूनच नको,” भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर नानांना सोपं गेलं असतं.

नाना खुर्चीवर बसले. “म्हणजे मी जन्मभर अडगळ जमवली,” ते म्हणाले. “तुमच्या पिढीला कशाची म्हणून गोडी नाही. सगळं बोटानं काचेवर सरकवायचं आणि विसरायचं.”

हे त्यांनी भिंतीकडे बघून म्हटलं, पण भिंगरीला ते लागलं. ती खिडकीपाशी उभी होती, तिथून आली आणि ढिगांच्या मधे जमिनीवर बसली.

“आजोबा, राग मानू नका. पण या कुलपांबद्दल मला एकच गोष्ट आठवते, सांगू? ‘हात लावू नका.’ आम्ही सुट्टीत यायचो, काचेला नाक लावून बघायचो, आणि तुम्ही मागून म्हणायचात, हात लावू नका, डाग पडतात. मी आजवर यातलं एकही कुलूप हातात घेतलेलं नाही. मग गोडी लागणार कुठून?”

ताईनं लेकाकडे पाहिलं, बापूनं जमिनीकडे. नाना उठले.

“लावा मग,” ते म्हणाले. “लावा आता हात. हवे तेवढे डाग पाडा.” आणि ते स्वयंपाकघरात निघून गेले.

माई त्यांच्यामागे गेल्या. नाना नळाशी उभे राहून पेला भरत होते. पेला भरून वाहत होता, तरी भरत होते. माईंनी नळ बंद केला.

“पोरगी फाजील झालीय,” नाना म्हणाले.

“पोरगी खरं बोलली.”

“तूसुद्धा?”

“मी आज बोलतेय, एवढंच,” माई म्हणाल्या. “मी या घरात आले तेव्हा ही कुलपं दाराशी टोपलीत असायची. कुणी पाहुणा आला, की मामंजी आधी त्याच्या हातात एक कुलूप द्यायचे आणि म्हणायचे, उघड, मग चहा. तुम्हीपण द्यायचात. माझा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही त्याला दुपारपर्यंत उपाशी ठेवलं होतं. आठवतंय? काय हसायचं सगळं घर! मग भाऊजी गेले आणि तुम्ही काचा लावल्या. त्यानंतर मी ती कुलपं पुसली फक्त.”

नाना पाणी प्यायले. दुखावल्यावर ते नेहमी असं पाणी प्यायचे, औषध घेतल्यासारखं.

तेवढ्यात बाहेरून साहेबाची आरोळी आली.

“आई! आई गं! हे काय आहे? सुटत नाहीये!”

दोघं बाहेर आले तर साहेब खोलीच्या मध्यभागी उभा, आणि त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चोरपकड लटकलेलं. डाव्या हातात फोन. बापू कुलूप ओढत होता, ताई बापूला ओढत होती, आणि भिंगरी जमिनीवर पोट धरून हसत होती.

“तुम्हीच म्हणालात हात लावा!” साहेब केविलवाणा म्हणाला. “मी फक्त भोकात काय आहे ते बघत होतो.”

“चोर तेच म्हणतो,” भाऊ म्हणाले.

“ओढू नका, ओढू नका, बोट सोलवटेल,” नाना पुढे झाले. त्यांनी किल्ली शोधली, लावली, फिरवली. कुलूप ढिम्म. उलटी फिरवली. ढिम्म. त्यांचा चेहरा उतरला. “याला काहीतरी दाबायचं असतं. अण्णांनी दाखवलं होतं. इतक्या वर्षांत… भाऊ, तुला आठवतं?”

भाऊ आपल्या जागेवरून हलले नाहीत. “मागच्या बाजूच्या ठोकळ्यांपैकी एक दाबायचा, त्याच वेळी किल्ली. पण तो कुठला ते सांगून कळणार नाही. सगळे सारखेच दिसतात. अंगठ्याला लागतो तो. जरासा मऊ लागतो.”

“मग ये ना. दाब.”

“तूच बघ दाबून.”

“मी दाबले सगळे! मला एकही मऊ लागत नाही. अरे, पोराचं बोट अडकलंय आणि तुझं अजून कुलपाशी वैर? ये म्हणतो ना!”

“वैर नाही, नाना.” भाऊंनी खिशातला हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. तो अर्धवट मिटलेला होता, वाळलेल्या पानासारखा. “किल्ली डाव्यानं फिरेल. दाबायचं याला लागेल. ती ओळख याच अंगठ्याला, आणि हा गेलाय.”

नाना त्या हाताकडे बघत राहिले. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं; भाऊंनी कुणाला सांगूच दिलं नव्हतं. माईंना वाटलं, आता नाना काहीतरी बोलणार, जे बोलू नये ते. पण नानांनी खुर्ची ओढली आणि भावाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. साहेबाला त्यांनी मधे जमिनीवर बसवलं.

“मी कुलूप धरतो,” ते म्हणाले. “तू शोध.”

“ओरखडे पडतील तुझ्या पितळेवर.”

“पडू देत.”

भिंगरी हसायची थांबली होती. ती सरकत भाऊंच्या उजव्या बाजूला आली. आता तिचा आवाजच वेगळा झाला, दवाखान्यातला. “धाकटे आजोबा, घाई नाही. मनगट इथे टेकवा, माझ्या हातावर. बोटांचं विसरा, फक्त अंगठा. तुम्हाला दवाखान्यातून व्यायामाला स्पंजचा चेंडू दिला होता ना?”

“दिला होता. कुत्र्याला टाकला. या वयात चेंडू दाबत बसू?”

“बरं केलंत. आता हे दाबा.”

अंगठा हलला नाही. मग हलला, पण घसरला. भाऊंच्या कपाळावर घाम आला. पुन्हा घसरला. “सावकाश होऊ द्या, आजोबा,” साहेब खालून म्हणाला. “मला काही घाई नाही. फक्त उद्या ऑफिस आहे.” ताईनं त्याच्या डोक्यात टपली मारली.

“हा नाही,” भाऊ पुटपुटले. “हाही नाही. अण्णांनी मला दुपारभर असंच अडकवून ठेवलं होतं. म्हणाले, ज्यानं बोट घातलं त्यानंच काढायचं… हा. नाना, हा बघ. हा मऊ आहे.”

“दाब.”

“दाबतोय रे. ऐकत नाही.”

नानांनी कुलूप आपल्या पोटाशी टेकवलं आणि भाऊंच्या अंगठ्याच्या दिशेनं रेटून धरलं. अंगठ्यानं जेवढं दिलं तेवढं घेतलं, उरलेलं त्यांनी पोटानं पुरवलं. भाऊंनी डाव्या हातानं किल्ली फिरवली. आत काहीतरी खट्‌कन सरकलं, आणि साहेबाचं बोट सुटून बाहेर आलं, लालबुंद, पण धड.

एकच गलका झाला. बापूनं चक्क टाळ्या वाजवल्या. साहेबानं बोटाकडे, मग कुलपाकडे पाहिलं आणि म्हणाला, “हे कुलूप मला हवं. ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवणार. आमच्या बॉसला भोकात काय आहे ते बघायची फार सवय आहे.”

भाऊ मात्र कुणाकडे बघत नव्हते. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. “परत दे,” ते नानांना म्हणाले. “बघू दे, परत होतंय का.”

त्यांनी ते पुन्हा केलं, बोट न अडकवता. मग पुन्हा. माईंनी चहा टाकला, तो गाळून आणेपर्यंत भाऊंच्या मांडीवर अंगठीएवढं कुलूप होतं, नाना त्याच्या किल्ल्या शोधत होते, आणि दोघं त्याच्या खटक्यावरून वाद घालत होते. वाद पाहून माईंना कधी नव्हे ते हायसं वाटलं.

भिंगरीनं चहा घेतला नाही. ती ढिगांमधून एकेक कुलूप उचलून हातात तोलत होती, किल्ली फिरवून बघत होती, कडी ओढून बघत होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “ही मला द्या.”

“आता दया नको दाखवू,” नाना म्हणाले, पण आवाजात धार नव्हती.

“दया नाही, गरज आहे. घरी नको, दवाखान्यात. माझ्याकडे येतात ती मोठी माणसं असतात. कुणी शिंपी, कुणी गाडी चालवणारा, कुणी चार मुलांची आई. त्यांच्या हातात मी प्लास्टिकचे ठोकळे देते, तेव्हा त्यांची मान खाली जाते. धाकट्या आजोबांनी चेंडू कुत्र्याला उगाच नाही टाकला. आणि हे बघा, हे चिमटीनं धरायला. हे दोन्ही हातांनी. हे अक्षरांचं तर डोक्यालाही काम देतं. शिवाय उघडलं की समजतं, उघडलं!”

“तिथे कोण कोण हात लावेल त्याला,” नाना म्हणाले.

“सगळे लावतील. तेच तर पाहिजे.”

“पाडतील.”

“पाडतील,” भिंगरीनं कबूल केलं. “पहिल्याच दिवशी पाडतील. ज्यांना धरता येत नाही तीच माणसं माझ्याकडे येतात.”

“किल्ल्या हरवतील. पितळ काळं पडेल. शेपूट मोडेल माशाचं.”

“मासा नका देऊ,” ताई मधे पडली. “नाजूक आहेत ती राहू देत. बापू, आपण तू दोन, मी दोन अशी घेऊ. एवढी जागा आहे रे आपल्याकडे.”

“आहे,” बापू म्हणाला. “तुझ्या भावजयीला मी सांगतो. म्हणजे तू सांग, तुझं ऐकते ती.”

नाना कुणाचंच ऐकत नव्हते. ते भाऊंकडे बघत होते, अंगठीएवढ्या कुलपावर वाकलेल्या भाऊंकडे, त्यांच्या थरथरणाऱ्या अंगठ्याकडे.

“तू जाशील का तिथे?” त्यांनी विचारलं. “व्यायामाला?”

“चेंडू असेल तर नाही,” भाऊ मान वर न करता म्हणाले. “हे असेल तर बघू.”

“मग घेऊन जा,” नाना भिंगरीला म्हणाले. आणि मग, जणू कुणी मन बदलेल या भीतीनं, त्यांनी स्वतःच चादरीची टोकं गोळा करायला घेतली.

सगळी काही गेली नाहीत. पेटीची अवजड कुलपं भिंगरीला नको होती, ती नानांनी दुकान घेणाऱ्या नव्या मालकाला देऊन टाकली, आणि दोन दिवस जेवताना गप्प राहिले. मासा कुणी न्यायचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही. जाताना तो भाऊंच्या कोटाच्या उजव्या खिशात निघाला, आणि तो तिथे कुणी टाकला हे कुणीच सांगितलं नाही. ताई आणि बापू जिन्यात उभे राहून बराच वेळ बोलत होते. माईंनी वरून कान देऊन ऐकलं, तर विषय पडद्यांचा होता: नव्या घरात आईला कुठल्या रंगाचे आवडतील.

नव्या घरी सामान लागल्यावर नाना एकदा भिंगरीच्या दवाखान्यात गेले, कुलपांना तेल द्यायला. मग किल्ल्यांना दोरे बांधायला गेले. मग एका कुलपाचा खटका अडतोय असा निरोप आला, तो खरा होता की पाठवायला लावला होता कोण जाणे. मग कारण सांगायचंच त्यांनी सोडलं. सकाळी आंघोळ करून, तेलाची कुपी खिशात टाकून निघायचे, ते जेवायच्या वेळेलाही परतायचे नाहीत.

एका दुपारी माई त्यांना बोलवायला गेल्या. मोठी उजेडाची खोली, लांब टेबल, दोन्ही बाजूंना माणसं. भाऊ टेबलाच्या टोकाला बसून एका शिंप्याला काहीतरी समजावत होते आणि समजावताना उजवा हात हलवत होते, बेताचाच, पण हलवत होते. नाना एका पोक्त बाईसमोर बसले होते. बाईंच्या हातात कासवाचं कुलूप होतं. ते कलंडलं, बाईंनी सावरायला हात घातला, आणि कुलूप फरशीवर पडलं. इतक्या जोरात, की सगळ्या खोलीनं वळून पाहिलं. बाई पांढऱ्या पडल्या. माई दारातच थबकल्या.

नाना वाकले. त्यांनी कासव उचललं, उजेडात धरलं. पाठीवर चांगलाच पोचा पडला होता. त्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

“वा,” ते म्हणाले, “आता धरायला बरं झालं. अंगठा इथे बसवा. हं, पुन्हा.”

त्यांना माई दिसल्या. “अगं, आलीस? आलोच. एवढं उघडू दे यांचं.”

“जेवण निवतंय,” माई म्हणाल्या.

“निवू दे. बस ना तोवर.”

माई टेबलाशी बसल्या. समोर एक कुलूप पडलं होतं, लहानसं, गोल, ज्याला किल्लीचं भोकच दिसत नाही ते. त्याचा प्रत्येक काना-कोपरा त्यांना पाठ होता. फडकं फिरवून फिरवून तळहाताला पाठ झाला होता. ते उघडायचं कसं, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि कुणी त्यांना दाखवलंही नव्हतं. त्यांनी ते उचललं. खालून पाहिलं, कानाशी हलवून पाहिलं, कडी थोडी ओढून पाहिली. आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं.

“ते असं नाही,” नाना टेबलापलीकडून म्हणाले. “आधी ती वरची—”

“सांगू नका,” माई म्हणाल्या, आणि कुलूप घेऊन खिडकीकडे, उजेडाकडे वळून बसल्या.